ओव्हनमध्ये साबण फुटला, त्याचं काय करायचं?

देवगडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. घरच्या खोबऱ्याचं घाण्यावर काढून आणलेलं ५०० ग्रॅम तेल, ९० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १५० ग्रॅम पाणी घेऊन त्यांनी साबण केला. हँड ब्लेंडरने फिरवला, केकच्या सिलिकॉन साच्यात ओतला आणि ओटीजीत १५० अंशांवर तासभर ठेवला, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू. वरचा भाग पावासारखा फुगला, भेगा पडल्या, कडेने तेल सुटलं. थंड झाल्यावर कापायला गेल्या तर चुरा झाला आणि आत पांढरे खडे निघाले. त्या विचारतात, हा वाचेल का? ओव्हनमध्ये साबण करतात तो मुळात असाच का? आणि पुढच्या खेपेला घरची हळद आणि भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) घालता येईल का?

ताई, आधी एक सांगते. तो चुरा फेकू नका, पण हातमोजे घातल्याशिवाय त्याला हातही लावू नका. आत दिसणारे पांढरे खडे हे बहुधा न विरघळलेलं कॉस्टिक आहे. साबण नव्हे.

मी गेली चौदा वर्षं साबण करते. पहिली चार-पाच थंड पद्धतीने केला, मग ओव्हनकडे वळले. तुमच्यासारखाच गैरसमज माझाही होता. ओव्हन म्हटलं की आपल्या डोक्यात भाजणं येतं. केक, नानकटाई, बिस्किटं. साबणाला मात्र ओव्हन हवा असतो तो उबेसाठी. भात शिजल्यावर झाकण न काढता वाफ जिरू देतो ना, तेवढंच काम त्याच्याकडून करून घ्यायचं. साबण बनवतं ते कॉस्टिक, आणि ते बनवताना स्वतःची उष्णता स्वतः तयार करतं. बाहेरून आपण ती फक्त निसटू द्यायची नाही.

तुमच्या खेपेत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी बिघडल्या, म्हणून चित्र एवढं भयंकर दिसलं. एकेक सोडवू.

खडे कुठून आले? १५० ग्रॅम पाण्यात ९० ग्रॅम कॉस्टिक सहज विरघळतं, त्यामुळे पाणी कमी पडलं असं नाही. झालं असणार असं, की कॉस्टिकचे फ्लेक्स (पापुद्रे) एकदम ओतले आणि ढवळायला दोन-चार सेकंद उशीर झाला. तेवढ्यात ते तळाशी बसून खडीसाखरेसारखा गोळा धरतात, वरचं पाणी नितळ दिसतं आणि आपल्याला वाटतं झालं. मी चमच्याने थोडंथोडं सोडते आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहते. नंतर भांडं तिरकं करून तळ बघते, चमच्याने तळ खरवडून बघते. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं. कोरड्या कॉस्टिकवर पाणी ओतलंत तर ते उसळून तोंडावर येतं. विरघळताना पाणी ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं आणि वर येणारी वाफ घशाला झोंबते, म्हणून हे काम खिडकीपाशी किंवा अंगणात, चष्मा लावून, पोरंबाळं आणि मांजर घराच्या दुसऱ्या टोकाला असताना.

अंगावर उडालं तर वाहत्या नळाखाली हात धरून ठेवा. चांगली पंधरा-वीस मिनिटं. व्हिनेगर चोळा म्हणून जे सांगतात ते ऐकू नका. भाजलेल्या कातडीवर आम्ल-अल्कलीचे प्रयोग करायचे नसतात. डोळ्यात गेलं तर तसंच पाण्याने धूत राहायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

दुसरी गोष्ट तापमान. १५० अंश फार झालं. शंभरापुढे साबणातल्या पाण्याची वाफ व्हायला लागते, ती बाहेर पडायला वाट शोधते आणि तुमचा पाव फुगतो. त्यात निव्वळ खोबरेलाचा साबण. खोबरेलाची कॉस्टिकशी फार जोरात प्रक्रिया होते. जगातल्या सगळ्या तेलांत सर्वांत जास्त कॉस्टिक खाणाऱ्यांपैकी ते एक, आणि त्या मानाने त्याची उष्णताही जास्त. निव्वळ खोबरेलाचा साबण मी ओव्हनमध्ये ठेवतच नाही. साच्यात ओतून वर जुना टॉवेल टाकला की तासाभरात मधोमध पारदर्शक डाग दिसतो आणि तो कडेपर्यंत पसरत जातो. तुमच्याकडे मे महिन्यात तर टॉवेलचीही गरज नाही.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि खरी मेख तिथेच आहे. १ ग्रॅम खोबरेल पूर्ण साबण व्हायला साधारण ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक घेतं. म्हणजे ५०० ग्रॅमला ९१.५ ग्रॅम. तुम्ही घातलं ९०. म्हणजे मोकळं, साबण न झालेलं तेल उरलं दीड-पावणेदोन टक्के. तेलाची खेप जराशी वेगळी असेल तर तेही नाही. असा साबण भांडी घासायला उत्तम. अंगाला लावलात तर कातडी खेचल्यासारखी होते, कारण खोबरेलाचा साबण मळाबरोबर अंगाचं तेलही उपसून काढतो. नुसत्या खोबरेलाचा अंगाचा साबण करायचा असेल तर मी वीस टक्के तेल मोकळं ठेवते. ५०० ग्रॅमला ७३ ग्रॅम कॉस्टिक, १७० ते १८० ग्रॅम पाणी. मोकळं तेल एवढं असूनही तो खवट होत नाही, खोबरेल टिकाऊ आहे म्हणून. आणि खाऱ्या पाण्यातही फेस देतो. जुन्या काळी जहाजांवर समुद्राच्या पाण्यात आंघोळीला खोबरेलाचाच साबण वापरायचे, त्याचं कारण हेच. तुमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर हा साबण सोडू नका.

आता तुमचा चुरा. त्यात आणखी १०० ग्रॅम खोबरेल घातलं की हिशेब बसतो: ६०० ग्रॅम तेलाला ११० ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक लागेल, आपल्याकडे आहे ९०, म्हणजे अठरा टक्के तेल मोकळं. अंगाला चालेल. अट एकच. सगळा माल हाताशी असला पाहिजे, कडेने सुटलेलं तेलसुद्धा. ते पुसून टाकलं असेल तर अंदाजाने तेवढं वाढवून घाला. तेल थोडं जास्त झालं तर साबण मऊ होतो. कॉस्टिक जास्त झालं तर अंग भाजतं. चूक करायचीच तर कुठल्या बाजूला करायची हे उघड आहे.

हातमोजे घालून सगळा चुरा स्टीलच्या किसणीवर किसा. कोरडा भुगा उडतो आणि शिंका येतात, म्हणून नाकाला रुमाल. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात कीस, १०० ग्रॅम खोबरेल आणि १०० ग्रॅम गरम पाणी एकत्र करा. पातेलं निम्म्याच्या वर भरता कामा नये. स्टीलचंच झाकण. ओटीजी साधारण ९५ अंशांवर, फक्त खालची कॉइल. दर वीस-पंचवीस मिनिटांनी काढून ढवळा. पहिल्या तासात दही फाटल्यासारखं दिसेल, घाबरू नका. हळूहळू गुठळ्या विरघळतात आणि सगळं मिळून येतं. कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवलेला तुम्ही पाहिलाच असेल. आधी पांढरा, मग कडेने चकाकणारा, मग सगळाच काचेसारखा आणि ढवळताना हाताला जड. साबण त्याच पायरीला आला की झाला. दीड-दोन तास धरा.

खडे संपले का हे बोटाने नव्हे, पळीने बघा. थोडा साबण स्टीलच्या ताटलीवर पातळ पसरा, उजेडाकडे धरा. एकही पांढरा कण दिसत नसेल तरच पुढची परीक्षा. थोड्याशा, थंड झालेल्या साबणावर ओलं बोट फिरवायचं आणि ते जिभेच्या टोकाला निसटतं लावायचं. रेडिओतली चौकोनी बॅटरी लहानपणी जिभेला लावली असेल तर तो झटका आठवत असेल. तसा झटका आला की कॉस्टिक शिल्लक आहे, अजून अर्धा तास शिजवा. नुसती साबणाची तुरट-घाण चव आली तर झालं. लगेच चूळ भरा. ऐकायला गावठी वाटतं, पण साबण करणारे जगभर हेच करतात. तीन तासांनीही झटका जात नसेल तर कुठेतरी वजनात गफलत आहे; ती खेप अंगाला वापरायची नाही.

यात हळदीची परीक्षा का नाही सांगितली, असं तुम्ही विचाराल, कारण बरेच जण सांगतात की साबणावर हळद टाका, लाल झाली तर कॉस्टिक आहे. ही परीक्षा बिनकामाची आहे. शर्टावर आमटी सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. तो साबण काही कच्चा नसतो. चांगला मुरलेला साबणसुद्धा अल्कधर्मीच असतो, त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो, आणि हळद त्याच्या आधीच लाल होते. म्हणजे ती पक्क्या साबणालाही लाल आणि कच्च्यालाही लाल.

त्यातूनच तुमच्या घरच्या हळदीचं उत्तर मिळतं. घालता येईल, पण पिवळा साबण मिळेल या आशेवर राहू नका. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करायचे ना, तोच खेळ पातेल्यात होतो. कॉस्टिकचं पाणी पडताच साबण विटकरी लाल होतो, आणि पहिल्यांदा करणारा माणूस दचकतो. पुढे दोन-तीन आठवड्यांत तो उतरून भगवट, मग फिकट बदामी होतो. खिडकीजवळ ठेवलात तर त्याहून फिका, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. ५०० ग्रॅम तेलाला एक चहाचा चमचा पुरे. जास्त घातलीत तर पांढऱ्या पंचाला रंग लागेल आणि सासूबाईंचं ऐकावं लागेल. मी ऐकलंय.

आता ओव्हनच्या खऱ्या पद्धतीकडे येते. त्या दोन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

एकीत साबण साच्यात ओतून मग साचा ओव्हनमध्ये जातो. यात ओव्हन फक्त घोंगडीचं काम करतो. साबण ओतायच्या आधी ओटीजी दहा मिनिटं तापवून घ्यायचा, आतलं तापमान ७० ते ८० अंशांवर आलं की बंद करायचा. साचा आत, दार बंद, आणि रात्रभर उघडायचं नाही. सकाळी वडी कडेपर्यंत एकसारखी शिजलेली असते. ओव्हन न वापरता केलेल्या साबणात बऱ्याचदा मध्यभागी गडद गोल आणि कडेला फिकट पट्टा दिसतो. मध्य गरम राहिला आणि कडा गार पडल्या, म्हणून. ओव्हनने ते जातं. वरचा पांढरा सोड्याचा थरही कमी धरतो.

दुसरीत साबण पातेल्यातच पूर्ण शिजवायचा आणि मग साच्यात भरायचा. वर तुमच्या चुऱ्यासाठी सांगितली ती हीच. यात वडी दिसायला ओबडधोबड होते, गुळाच्या ढेपेसारखी, पण दोन मोठे फायदे आहेत. वास शेवटी घालता येतो, म्हणून वाळा किंवा लॅव्हेंडरचं महागडं तेल कॉस्टिकच्या तोंडी जात नाही. आणि शेवटी घातलेलं चांगलं तेल मोकळंच राहतं. पहिल्या पद्धतीत मोकळं कोणतं उरेल ते आपल्या हातात नसतं.

आपल्याकडच्या ओटीजींची एक अडचण आहे. बऱ्याच ओटीजींचं बटण सुरूच होतं १०० अंशांपासून, आणि त्यावर लिहिलेला आकडा हा साधारण अंदाज असतो. माझ्या जुन्या ओटीजीत १०० वर ठेवलं की आत १२५ व्हायचे. ओव्हनमध्ये ठेवायचं छोटं थर्मामीटर मिळतं. साबणाच्या सामानात तराजूनंतर मी त्याचाच नंबर लावते. ते नसेल तर दहा मिनिटं चालू ठेवून बंद करा आणि पुन्हा लावूच नका. वरची कॉइल कधीही नाही. ती साबणापासून वीतभर अंतरावर असते आणि वरचा थर अक्षरशः भाजते. पंख्याचा ओव्हन असेल तर पंखा बंद, नाहीतर पृष्ठभाग कोरडा पडून सुरकुततो. मायक्रोवेव्हच्या लहरींवर साबण शिजवू नका. मधेच उसळतो, कडेला कच्चा राहतो. शिजता शिजता वीज गेली तर काहीच बिघडत नाही, दार उघडू नका एवढंच.

आणि जुना गोल ओव्हन, ज्याच्यात आपल्या आयांनी वाढदिवसाचे केक केले, तो या कामाला वर्ज्य. तो ॲल्युमिनियमचा असतो. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि खाताना हायड्रोजन वायू सोडतं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच, पातेल्यात कॉस्टिकचं पाणी ओतलं तर ते फसफसून काळं पडतं आणि पातेल्याला भोकं पडू शकतात. याच कारणाने झाकणाऐवजी ॲल्युमिनियमची फॉइल लावायची नाही. दुधाचं किंवा रसाचं खोकं साचा म्हणून वापरायची पद्धत आहे; त्याच्या आतही ॲल्युमिनियमचा थर असतो, कापलेल्या कडेला तो उघडा पडतो, म्हणून ओव्हनसाठी नको. कल्हईची भांडी नकोत, कथिल विरघळतं. तांब्या-पितळेच्या भांड्यात केलेला साबण लवकर खवट होतो. स्टील, आणि साच्याला लाकडी खोका व आत बटर पेपर, किंवा तुमचा सिलिकॉनचा साचा. बस.

माझी सर्वांत महाग पडलेली चूक पातेल्याच्या मापाची होती. ओव्हनचं दुसरं वर्ष, दिवाळीच्या भेटींसाठी दीड किलो तेलाची खेप एकाच पातेल्यात लावली, पाऊण भरलं होतं. पंचवीस मिनिटांनी ढवळायचं म्हणून घड्याळ लावलं आणि गॅसवाला आला म्हणून दाराशी गेले. परत येते तर स्वयंपाकघरात जळका वास. साबण दुधासारखा उतू गेला होता, झाकण उचलून, पातेल्याच्या कडेवरून खालच्या कॉइलवर. लोण्यासारखा पिवळट ओघळ, त्याचे खालचे टोक काळं कोळसा झालेलं आणि त्यातून धूर. मी काय करावं? पक्कड घेऊन पातेलं बाहेर काढायला गेले, कॉइल चालू असतानाच. मनगटाच्या आत अजून तो डाग आहे. अशा वेळी आधी बटण बंद करून प्लग काढायचा आणि अर्धा तास लांब राहायचं, साबण कुठे पळून जात नाही. तो ओटीजी मग कायमचा साबणाचाच झाला, कारण त्यात पुन्हा केक करायची कुणाची हिंमत झाली नाही. तेव्हापासून पातेलं निम्म्याला बांधलेलं, खाली पसरट स्टीलचा ट्रे, आणि पहिला पाऊण तास मी ओव्हनसमोर स्टूल टाकून बसते. उसळी याच काळात येते. कडा चकाकायला लागून मधला भाग टम्म वर यायला लागला की लगेच काढून ढवळायचं, खाली बसतो.

खाण्याच्या ओव्हनमध्ये साबण करावा का? साच्याची पद्धत असेल, खाली ट्रे असेल आणि काही सांडलं नाही, तर नुकसान नाही. वास मात्र दोन-तीन दिवस रेंगाळतो, आणि वाळ्याच्या वासाची नानकटाई कुणी खाणार नाही. नियमित करणार असाल तर जुना ओटीजी वेगळा काढा. पातेलं, पळी, ब्लेंडरचा दांडा हे तर वेगळेच हवेत, त्यावर लाल रंगाची खूण करून ठेवा.

अंगाच्या रोजच्या साबणासाठी ओव्हनला साजेसं माझं प्रमाण देते. खोबरेल १५० ग्रॅम, पामतेल १५०, शेंगदाणा तेल १६०, एरंडेल ४०. एकूण ५०० ग्रॅम. कॉस्टिक ७२ ग्रॅम. पाणी साच्याच्या पद्धतीला १६०, पातेल्याच्या पद्धतीला १९०, कारण शिजताना उडतं. यात पाच टक्क्यांच्या जवळपास तेल मोकळं राहतं. खोबरेल फेस देतं, पामतेल कडकपणा, शेंगदाणा मऊपणा, आणि एरंडेल फेस धरून ठेवतं. शेंगदाण्याऐवजी राईस ब्रॅन चालेल, तेव्हा कॉस्टिक अर्धा ग्रॅम कमी. सगळं वजनावर. मापाच्या कपाने किंवा वाटीने साबण करायचा नाही, पाणीसुद्धा वजनावरच घ्या म्हणजे सवय लागते. कॉस्टिकसाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर उत्तम.

कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, रसायनांच्या दुकानातलं, पाकिटावर शुद्धता लिहिलेलं. धुण्याचा सोडा वेगळा, खाण्याचा सोडा वेगळा. मोरी मोकळी करायची पावडर कधीच नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं आणि कधी कधी ॲल्युमिनियमचे तुकडेही.

तेलं एकत्र करून चाळिशीच्या आसपास कोमट करा. कॉस्टिकचं पाणीही तेवढ्यावर आलं की गाळणीतून तेलात ओता, गाळणी स्टीलची. गाळणीत उरलेला एखादा खडा तिथेच सापडतो, तुमच्या पहिल्या दुखण्यावर हाच इलाज. ब्लेंडर पाच सेकंद चालू, दहा सेकंद नुसतं ढवळणं, असं करत जा. कढीपेक्षा दाट आणि पिठल्यापेक्षा पातळ झालं, दांडा उचलल्यावर पडलेल्या थेंबाची रेघ वर दिसत राहिली, की थांबा. तिथून पुढे पद्धत तुमच्या आवडीची.

पातेल्यात शिजवणाऱ्यांसाठी एक कानमंत्र. शिजलेला साबण साच्यात भरताना घट्ट होतो आणि मधे हवेच्या पोकळ्या राहतात. शिजून झाल्यावर, साबण जरा निवला की एक मोठा चमचा फेटलेलं दही मिसळा. सैलसर होतो आणि ओतता येतो. पहिल्यांदा मलाही खोटं वाटलं होतं. भरून झालं की साचा पाटावर चार-पाच वेळा आपटायचा. दूध किंवा मध घातलेला साबण असेल तर मात्र ओव्हन विसरा, साखर जळून तपकिरी होते आणि उसळी दुप्पट येते.

कापायची वेळ तेलावर ठरते. वरचं मिश्रण दुसऱ्या दिवशी कापा. निव्वळ खोबरेलाचा मात्र तीन-चार तासांत, कोमट असतानाच. तुमचा चुरा झाला त्याला हेही एक कारण आहे, थंड होईपर्यंत तो खडूसारखा ठिसूळ झाला होता.

शिजवलेला साबण दुसऱ्या दिवसापासून वापरता येतो असं सगळे सांगतात. येतो. पण तो चार आंघोळींत विरघळतो. कॉस्टिकचं काम संपलेलं असतं, पाणी उडायचं बाकी असतं. मी प्रत्येक खेपेची एक वडी वेगळी ठेवते, खाली कागदावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहिते आणि दर रविवारी तोलते. वजन उतरायचं थांबलं की खेप तयार. पुण्यात हिवाळ्यात चार आठवडे, एरवी सहा.

पावसाळ्यात तुमच्याकडे हे गणित उलटं फिरेल. साबणात तयार झालेलं ग्लिसरिन हवेतला ओलावा ओढतं. जुलैमध्ये वडीवर घामासारखे थेंब दिसतात आणि रविवारी वजन वाढलेलं निघतं. त्यात बिघाड काही नाही, पुसून ठेवा. पण कोकणात मी तरी जून ते सप्टेंबर नवी खेप धरणार नाही. कॉस्टिकही या दिवसांत घात करतं: डबा उघडा राहिला तर फ्लेक्स ओलावा ओढून एकमेकांना चिकटतात, आणि मग तुम्ही ७२ ग्रॅम तोलता त्यात पाणीच चार-पाच ग्रॅम असू शकतं. साबण तेलकट झाला, मऊ राहिला, वर नारिंगी ठिपके येऊन खवट वास सुटला, की आधी डबा बघा. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, लहान पाकिटं घेऊन, लागेल तेवढंच आणा.

विकायचा विचार असेल, आणि देवगडला आंब्याच्या हंगामात पर्यटक असतात म्हणून तो येणारच, तर आधी परवान्याचं पाहा. अंगाचा साबण आपल्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि विक्रीसाठी बनवायला २०२० च्या नियमांनुसार परवाना लागतो. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करा.

राहिलं भिरंडेल. जरूर घाला, तुमच्याकडे ते घरचं मिळतंय याचा मला हेवा वाटतो. इथे वजनाला चांदीच्या भावाने घ्यावं लागतं. ते खोलीच्या तापमानाला घट्ट असतं, साधारण चाळीस अंशांवर वितळतं, म्हणून तेलात घालण्याआधी वेगळं विरघळवून घ्या आणि मिश्रण पंचेचाळिशीच्या खाली येऊ देऊ नका, नाहीतर ते मधेच थिजून रेघ उमटल्याचा भास होतो. वरच्या प्रमाणातलं पामतेल ५० ग्रॅमने कमी करून त्याजागी भिरंडेल घ्या. कॉस्टिकमध्ये फरक पडतो ०.३ ग्रॅमचा, तुमच्या काट्याला तो दिसणारही नाही, म्हणून ७२ च राहू द्या. वडी कडक होते. पातेल्याची पद्धत केलीत तर त्यातलंच एक चमचाभर बाजूला ठेवून शेवटी, दह्याच्या आधी घाला. भेगाळलेल्या टाचांसाठी ज्या कामाला आपण ते वापरतो, ते काम तेवढ्यानेच होतं.